हात मोकळे करा

ठाण्यातून फोन आला तेव्हा ती वडिलांची नखं कापत बसली होती. बाबांचा उजवा हात तिच्या मुठीत, त्यामुळे ते एकट्या डाव्या हातानं बोलत होते, आणि डाव्या हातानं बोलताना ते नेहमी जरा रागावल्यासारखे वाटत. सकाळचे साडेदहा झाले होते.

"दुभाषीबाई ना?" पलीकडे हवालदार होता. "साहेबांनी बोलावलंय. एक मुका धरलाय आम्ही. फार काम नाही, पाच मिनिटांचं. एक सही तेवढी."

"मुका नाही, बहिरा," ती सवयीनं म्हणाली. "कधी धरलात?"

"काल दुपारी दोनला."

"आणि मला आज सांगताय?"

पलीकडे कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. "या तुम्ही," हवालदार म्हणाला आणि फोन ठेवला.

बाबांनी भुवया उंचावल्या. तिनं हातांनी सांगितलं : पोलीस. आपला माणूस. काल दोनला धरलाय, चोवीस तासांत, म्हणजे आज दोनच्या आत कोर्टात न्यावा लागेल. बाबांनी लगेच आपला हात तिच्या मुठीतून काढून घेतला आणि दाराकडे बोट केलं. म्हणजे, जा.

तिचं वय चोपन्न. आठवड्याचे पाच दिवस ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची, आणि सरकारी यादीतली त्या गावची ती एकुलती एक खुणांच्या भाषेची दुभाषी होती. ऐकणारी माणसं तिला दुभाषीबाई म्हणत. बहिऱ्या माणसांनी तिला त्यांच्या पद्धतीनं नाव ठेवलं होतं : एक बोट कानाला लावायचं, मग तेच बोट गालावर तिची खळी पडते तिथं टेकवायचं. कानवाली. आई आणि बाबा दोघंही जन्मापासून बहिरे, आणि मुलगी मात्र टाचणी पडली तरी ऐकणारी. ती हातांनी बोलायला शिकली ती वर्षाची व्हायच्या आधी. तोंडानं बोलायला तिला शेजारच्या काकूंनी शिकवलं, ते पुष्कळ नंतर.

घरात ऐकणारी ती एकटी, म्हणून सहाव्या वर्षापासून दुभाष्याचं काम तिच्याच गळ्यात. दूधवाल्याशी भांडण तिनं करायचं, डॉक्टरचं म्हणणं तिनं समजावायचं. एकदा शाळेतल्या बाईंनी आईबाबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, "तुमची मुलगी वर्गात अखंड बडबडते, काहीतरी करा." तिनं शांतपणे आईबाबांना सांगितलं : बाई म्हणतात मी वर्गात सगळ्यांत हुशार. आई इतकी खूश झाली की बाईंचे दोन्ही हात धरून हलवत राहिली. बाई चकित! मध्ये उभ्या असलेल्या माणसानं एक शब्द बदलला तर दोन्हीकडच्या लोकांना कधीच काही कळणार नाही, हे तिला त्या दिवशी, वयाच्या आठव्या वर्षी कळलं.

बाबांची गोष्ट तिला त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली होती. महायुद्ध संपल्यावर जगातल्या देशांनी एकत्र बसून माणसाचे हक्क कागदावर लिहून काढले. त्या वर्षी बाबा आठ वर्षांचे होते आणि त्यांच्या शाळेत मुलांना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लावत. हातांनी बोलणं म्हणजे माकडचाळे, असं गुरुजींचं ठाम मत. ओठ हलवायचे, घशातून आवाज काढायचा; हात बाहेर दिसला की पट्टी. तो कागद कुठंतरी दूर मोठ्या सभागृहात लिहिला गेला होता, त्याची वार्ता त्या वर्गापर्यंत यायला पुष्कळ वर्षं लागली.

बाविसाव्या वर्षी बाबांना बाजारात पोलिसांनी हटकलं. मागून हाक मारली, ते थांबले नाहीत. खांदा धरला तेव्हा दचकून त्यांनी हात उडवला. हात उडवला म्हणून धरलं, विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही म्हणून वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. तिथं अकरा महिने. बाबा बरळत नव्हते, रडत नव्हते, फक्त हातवारे करत होते. तिथल्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'हात आवरत नाही'. हात आवरावा म्हणून रात्रंदिवस त्यांचे हात पलंगाला बांधून ठेवत. शेवटी आई शोधत शोधत तिथं पोचली. तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. आई शिवणकाम करायची. तिनं डॉक्टरांच्या टेबलावर पाटी ठेवली, तिच्यावर लिहिलं होतं : हा वेडा नाही. हा माझ्याशी गेली तीन वर्षं बोलतोय.

त्यानंतर आईनं ती पाटी खाली ठेवलीच नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आई, बाबा आणि त्यांच्यासारखे आणखी सात-आठ जण कायदे खात्याच्या कचेरीबाहेर उभे राहायचे. पावसात, उन्हात. 'या लोकांची मागणी स्पष्ट होत नाही' असा शेरा मारून एका अधिकाऱ्यानं त्यांचा अर्ज परत पाठवला, तर पुढच्या मंगळवारी आईनं तोच अर्ज हातभर अक्षरांत कापडावर शिवून आणला आणि त्याच्या खिडकीसमोर धरला. नियम व्हायला सतरा वर्षं लागली. नियम साधा होता : खुणांनी बोलणाऱ्या माणसाचा जबाब घेताना यादीतला दुभाषी हजर पाहिजे, आणि त्या माणसाचे हात मोकळे पाहिजेत. चार ओळी. त्या चार ओळींच्या बातमीचा कागद आई मरेपर्यंत तिच्या शिवणयंत्राच्या खणात होता.

ठाण्याच्या पायऱ्या ती चढली तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

आतल्या खोलीत दोन टेबलं, दोरीनं बांधलेले कागदांचे गठ्ठे आणि कर्रकर्र वाजणारा पंखा. भिंतीलगतच्या बाकावर एक चाळिशीचा माणूस बसला होता. नखांत पांढरा रंग, भुवयांवर रंगाचे शिंतोडे, आणि डोक्याच्या एका बाजूचे केस जळून आखडलेले. हात पाठीमागे, बेड्यांत. घरं रंगवायचं काम करणारा हा रंगारी तिला चेहऱ्यानं माहीत होता. बहिऱ्यांच्या मंडळात सणवार नसला तरी गप्पांना येणारा, कोपऱ्यात बसून इतरांना हसवणारा. तिला पाहताच त्याचे खांदे हलू लागले, कोपरं ताणली गेली. तो भुवयांनी, हनुवटीनं, जे काही सुटं होतं त्यानं बोलायचा प्रयत्न करत होता.

"साहेब, आधी याचे हात सोडा," ती म्हणाली.

निरीक्षकसाहेब टेबलामागे होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. दोन दिवस घरी गेले नसावेत. "बसा बाई. परवा पहाटे कापडाच्या गोदामाला आग लागली, ऐकलंच असेल तुम्ही. रखवालदार भाजून इस्पितळात पडलाय, वाचतो की नाही सांगता येत नाही. हा तिथं आठवडाभर भिंती रंगवत होता. याच्या अंगाला रॉकेलचा वास. आणि यानं कबूल केलंय." त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "खाली छापलंय बघा : वाचून दाखवले, समजले, मान्य आहे. तिथं सही करा. दीडला गाडी निघेल."

"कबूल कुणाजवळ केलं?"

हवालदार छाती काढून पुढे झाला. "माझ्याजवळ. आमच्या वाडीत एक मुका होता, मला कळतं त्यांचं."

"हात सोडा साहेब. मग वाचून दाखवते."

"पळून जाईल."

"इथं दाराला दोन शिपाई आहेत. कुठं पळेल? साहेब, हा माणूस हातानं बोलतो. हात मागे बांधलेत म्हणजे तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबलाय. तोंडात बोळा कोंबलेल्या माणसाचा जबाब तुम्ही लिहून घेतलात."

साहेबांनी नाइलाजानं मान डोलावली. हवालदारानं एक हात सोडला आणि दुसऱ्या हाताची बेडी बाकाला अडकवली. सुटलेला उजवा हात रंगाऱ्यानं पुढे आणला, तेव्हा तिला दिसलं की मनगट सुजून काळंनिळं झालंय. त्यानं अंगठा हलवून पाहिला. तो त्याच्या मनासारखा हलत नव्हता.

तिनं कागद वाचला आणि एकेक वाक्य त्याला हातांनी सांगितलं. मी रॉकेलचा डबा उचलला. मी कापडाच्या गठ्ठ्यांवर ओतला. मी काडी ओढली. रंगाऱ्याचे डोळे मोठे होत गेले. तिसऱ्या वाक्याला तो उभाच राहिला आणि बाकाची बेडी खणकन वाजली. नाही, नाही, नाही, त्याचा एकच हात तिच्या तोंडासमोर चाबकासारखा फिरत होता.

"बघा, आता नाही म्हणतोय!" हवालदार उसळला. "काल बेड्या घालायच्या आधी स्वतः करून दाखवलं त्यानं. डबा उचलला, ओतला, काडी ओढली. मी डोळ्यांनी पाहिलं."

"त्याच्या आधी काय केलं त्यानं?"

"आधी? काही नाही."

"आठवून सांगा. डबा उचलायच्या आधी."

हवालदारानं डोकं खाजवलं. "ते असं... गळ्यापाशी हात नेला. कोटाची कॉलर नीट करतात ना, तसं. आणि जरा खांदा वळवला. डावीकडे."

याच्या अंगात तर मळका सदरा होता. कॉलरची खूण म्हणजे कोटवाला. आणि खांदा वळवला म्हणजे आता जे पुढे येईल ते माझं नाही, त्याचं. मी तो होऊन सांगतोय.

"हवालदारसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही घरी जाऊन सांगता ना बायकोला, की साहेब म्हणाले, 'मी तुला घरी बसवीन'? तेव्हा बायकोला असं वाटतं का, की तुम्ही तिला घरी बसवणार?"

दारातला शिपाई फिसकन हसला. हवालदारही हसणार होता, पण हसू अर्ध्यावर अडकलं.

"ही माणसं दुसऱ्याची गोष्ट सांगताना खांदा वळवतात आणि तो दुसरा होतात. यानं कबूल केलेलं नाही. यानं जे पाहिलं ते सांगितलंय. कोट घालणारा कोण आहे त्या गोदामात?"

रंगारी हातानं पुन्हा पुन्हा काहीतरी विचारायला लागला होता, पण साहेबांनी टेबलावर थाप मारली.

"बास. तपास करायला नाही बोलावलं तुम्हाला. गोदामाच्या व्यवस्थापकावर बालंट आणायचंय का आता? तिकडे एक माणूस मरणाच्या दारात आहे बाई. त्याचे हक्क नाहीत का? सारे हक्क काय या असल्यांनाच?"

"आहेत ना. म्हणूनच त्याला जाळणारा खराखुरा सापडायला हवा."

"सही करा. मागे तुम्ही केली होतीत की, दुसऱ्या ठाण्यात. दोन मिनिटांत केलीत, मला माहीत आहे."

हा घाव नेमका बसला. तीन वर्षांपूर्वी मारामारीचं एक प्रकरण होतं. तिला शाळेत परीक्षेला जायची घाई, अधिकारी म्हणाला जबाब तोच आहे, तिनं वरवर नजर फिरवली आणि सही ठोकली. तो माणूस चार महिने आत होता. नंतर एकदा बसच्या थांब्यावर तो तिला भेटला. शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. त्यानं एवढंच सांगितलं : मी मारलं होतं, ते खरं. पण का मारलं, हे मला कुणी विचारलंच नाही. तूसुद्धा नाही. बस आली आणि तो चढून गेला.

तिनं पेन उचललं. 'मान्य आहे' यातला 'आहे' खोडला आणि वर लिहिलं, 'नाही'. खाली सही, सहीखाली वेळ : अकरा वाजून पन्नास मिनिटं. त्याखाली आणखी एक ओळ : एकच हात मोकळा होता.

साहेबांनी कागद वाचला आणि चौघडी करून खिशात घातला. आवाज चढवला नाही. आवाज चढला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"नवा कागद टाइप करा," ते हवालदाराला म्हणाले. "खुणा जाणणारा म्हणून तुझी सही. आणि बाई, यादीतलं तुमचं नाव फार दिवस राहील असं समजू नका. तुमच्या शाळेच्या कार्यवाहांना मी ओळखतो. या तुम्ही."

बाकाची बेडी निघाली तेवढा क्षणभर रंगाऱ्याचे दोन्ही हात सुटे होते, मग तिच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा पाठीमागे गेले. जाताना तो अजूनही तिला काहीतरी विचारत होता. सुरुवात तेवढी दिसली : तळहात उताणा, त्याच्यावर दोन बोटं आडवी. पुढचं दिसलं नाही.

रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. तास उलटला तरी बस येईना, शेवटी ती चालत निघाली. चौकात तिचे पाय रेंगाळले. डावीकडे घर, उजवीकडे कोर्ट. घरी बाबा एकटे. आपण लिहायचं ते लिहिलंय, आपले हात स्वच्छ आहेत, आता पुढचं त्यांचं ते बघतील, असं ती स्वतःला सांगत होती. पण ते लिहिलेलं तर साहेबांच्या खिशात होतं. खिशातल्या कागदाला कोण विचारतो? आणि नियमाचं काय? चार ओळींसाठी आई सतरा वर्षं उभी राहिली, त्या ओळी कुणी रद्द केल्या नव्हत्या, त्यांच्यावर बंदी आली नव्हती. फक्त हवालदाराच्या एका सहीनं त्या गुपचूप बाजूला सरकणार होत्या. आज सरकल्या की उद्या सरकवणं सोपं.

ती उजवीकडे वळली. जवळजवळ पळतच गेली.

कोर्टाच्या खोलीत ती शिरली तेव्हा काम सुरू झालं होतं. पिंजऱ्यात रंगारी, हात पाठीमागे. शेजारी हवालदार. सरकारी वकील वाचत होते, "...आरोपीने स्वखुशीने कबुली दिली असून, खुणा जाणणाऱ्या कर्मचाऱ्यामार्फत ती त्यास वाचून दाखवण्यात आली आहे. चौदा दिवसांची कोठडी मिळावी."

न्यायाधीशबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी मान न उचलता विचारलं, "आरोपीला काही सांगायचंय?"

हवालदारानं रंगाऱ्याकडे पाहून खांदे उडवले. रंगारी जागच्या जागी हलला. "नाही, बाईसाहेब," हवालदार म्हणाला.

"मला सांगायचंय," ती मागच्या रांगेतून म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सगळ्या माना वळल्या.

"खाली बसा," शिरस्तेदार खेकसला.

"मी दुभाषी आहे. सरकारी यादीतली. आज सकाळी ठाण्यात हा जबाब मी याला वाचून दाखवला. यानं तो मान्य नाही म्हणून सांगितलं. मी तसं लिहून सही केली. तो कागद तुमच्यासमोर नाही."

सरकारी वकील उठले. "यांचं इथं काही काम नाही. यांना कुणी बोलावलेलं नाही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा वर सरकवला. तिच्याकडे पाहिलं, निरीक्षकसाहेबांकडे पाहिलं. साहेब समोरच्या भिंतीकडे टक लावून उभे होते. तिला वाटलं, आता हाकलतील, आणि वर कोर्टाचा अवमान म्हणून नोटीस. बाबांना कोण सांगेल?

"हवालदार," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुम्हाला यांची भाषा येते?"

"होय, बाईसाहेब."

"मग यांना विचारा, काल रात्री यांना जेवण दिलं होतं का."

हवालदार गोंधळला. त्यानं बोटं जुळवून घास तोंडाकडे नेला, दोनदा. रंगाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. त्याला वाटलं, आपल्याला भरवताहेत.

लोक हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "हात मोकळे करा," त्या म्हणाल्या. "दोन्ही. आणि बाई, तुम्ही पुढे या."

बेड्या निघाल्या. रंगाऱ्यानं हात समोर आणले आणि ते नुसते हवेत धरून ठेवले. बोटं वळेनात. त्यानं ती चोळली, झटकली, काखेत धरून ऊब दिली. खोलीत एक मिनिट गेलं, दोन गेली. सरकारी वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं. ती मात्र त्याच्यासमोर स्वस्थ उभी होती, कारण बोलायला लागणारा वेळ हाही त्याचाच होता. शेवटी हात हलले. अंगठा आखडलेला, त्यामुळे शब्द जरा बोबडे येत होते, पण येत होते.

तिनं ते मोठ्यानं सांगायला सुरुवात केली, आणि दुभाष्याच्या रीतीप्रमाणे 'मी' म्हणूनच सांगितलं. "मी पहाटे उरलेला रंग आणायला गेलो. मागचं दार उघडं होतं. आत कोटवाला होता, व्यवस्थापक. तो असं करत होता..." रंगाऱ्यानं गळ्यापाशी हात नेला, खांदा वळवला आणि त्याचा चेहराच बदलला; तो खरंच दुसरा कुणी झाला. डबा. गठ्ठे. काडी. मग खांदा परत आला आणि चेहराही. "मी धावलो. डबा लाथाडला, तो माझ्या अंगावर उडाला. दाराशी रखवालदार पडला होता. झोपेत होता की धुरानं, माहीत नाही. मी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढला."

आता कुणी हसत नव्हतं. मग रंगाऱ्यानं पुन्हा तीच खूण केली, तळहात उताणा, त्याच्यावर दोन बोटं आडवी, आणि मग छातीवर हात ठेवून भुवया उंचावल्या.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "काय विचारताहेत ते?"

"कालपासून मी सगळ्यांना एकच विचारतोय," ती म्हणाली. "रखवालदार जिवंत आहे का?"

हवालदाराच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "अरे देवा. आम्हाला वाटलं, झोपायला जागा मागतोय."

"निरीक्षक," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "उत्तर द्या त्यांना."

"जिवंत आहे," साहेब म्हणाले. "सकाळी नऊपर्यंत तरी."

तिनं ते हातांनी सांगितलं. रंगारी पिंजऱ्याच्या कठड्याला धरून खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं.

जबाबाचा कागद त्या दिवशी बाद झाला. साहेबांच्या खिशातला कागद बाहेर काढायला लावला गेला आणि दप्तरात आला, खाडाखोडीसकट. जातमुचलक्यावर रंगारी संध्याकाळी सुटला. अकराव्या दिवशी रखवालदार बोलता झाला, आणि आपल्याला पाय धरून कुणीतरी ओढत होतं, इतकं त्यानं सांगितलं. आठ महिन्यांनी रंगाऱ्यावरचा आरोप काढून घेतला. व्यवस्थापकावर खटला भरला, तो अजून चालू आहे. तारखेला तो कोट घालूनच येतो. निरीक्षकसाहेबांची बदली झाली, आणि दोन वर्षांनी ते बढती घेऊन परत आले. रंगाऱ्याच्या अंगठ्याच्या मुळाशी आजही संवेदना नाही. तो म्हणतो, काही शब्द मला आता माझ्याच हातात लागत नाहीत.

कानवालीचं नाव यादीतून निघालं, 'कामाच्या मर्यादेबाहेर वर्तन' असा शेरा मारून. सोळा महिने तिला एकाही ठाण्यातून फोन आला नाही. शाळेच्या कार्यवाहांनी बोलावून घेऊन खरडपट्टी काढली, पण नोकरी राहिली. नाव परत लागेपर्यंत ती अर्जावर अर्ज करत राहिली, आणि न्यायाधीशबाईंच्या आदेशाची प्रत प्रत्येक अर्जाला जोडत राहिली. त्या आदेशात लिहिलं होतं की जुना नियम पाळायचा तर प्रत्येक ठाण्यातल्या किमान दोन माणसांनी या भाषेची तोंडओळख करून घ्यावी, म्हणजे दुभाषी केव्हा बोलवायचा एवढं तरी त्यांना कळेल.

म्हणून मग रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या वर्गात नऊ पोलीस बाकांवर बसू लागले, गुडघे वर येईपर्यंत दुमडून, कारण बाकं लहान मुलांची. त्यांत हवालदार होता. पश्चात्तापानं वगैरे आला नव्हता. हुकूम होता म्हणून आला होता, आणि रविवार बुडाला म्हणून कुरकुरत होता. बोटं लाकडासारखी ताठ. महिनाभरात चाळीस खुणा शिकला, त्यातल्या 'काल' आणि 'उद्या' यांची तो हटकून अदलाबदल करायचा.

"बाई, हे सगळं माणसांना वाचवायला की गुन्हेगारांना?" एका रविवारी त्यानं विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारत होता.

"धरलेल्या दिवशी तुम्हाला कुठं ठाऊक असतं, कोण गुन्हेगार आहे ते?" ती म्हणाली.

तिनं फळ्याकडे पाठ केली आणि पुढची खूण दाखवायला हात वर उचलले. नऊ जोड्या हात तिच्या मागोमाग वर गेले, वेडेवाकडे.